पुलावरची खाच

आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानातलं टेस्टिंगचं मशीन मुद्दाम साधं ठेवलेलं होतं. मधल्या दर्जाचा प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, घरोघरी असतो तसा मॉनिटर आणि बाजूचं झाकण घट्ट बसवलेला कॅबिनेट. इंटरनेटवर ग्राफिक्स कार्डांची, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणाऱ्या कार्डांची, परीक्षा घेणारे लोक एसीच्या खोलीत, उघड्या टेबलावर, बाजारातला सगळ्यात महागडा प्रोसेसर जोडून आकडे काढतात. ते आकडे खोटे नसतात. पण सांगलीच्या विश्रामबागेत वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या खिडकीच्या खोलीत मे महिन्यात खेळणाऱ्या मुलाला त्यांचा काही उपयोग नसतो. म्हणून आमचे नियम वेगळे. एसी नाही, फक्त पंखा. झाकण उघडायचं नाही. चाचणी रविवारी दुपारीच घ्यायची, शटर अर्धं खाली ओढून.

आमचे, म्हणजे माझे आणि माझ्या मुलीचे.

माझं माहेर साताऱ्याचं. यजमान कुंडलचे, सैन्यात सिग्नलला होते. त्यांच्या बदल्यांच्या काळात मी मुलीला घेऊन साताऱ्यात राहिले आणि पोवई नाक्याजवळच्या एका क्लासात कॉम्प्युटर शिकवला. ते निवृत्त होऊन आले, तेव्हा आम्ही सांगलीत गाळा घेतला. ते हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण आमच्या भागात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस ‘मेजर’ असतो, तसे तेही झाले. काउंटर त्यांचा. मागची खोली आमची.

टेस्टिंगची कल्पना मुलीची. ती तेव्हा कॉलेजात होती. फलटणचा एक मुलगा नवं कार्ड परत घेऊन आला आणि म्हणाला, ‘बाहेर सगळे साठ फ्रेम सांगतात, माझ्याकडे पंचेचाळीसच मिळतात, कार्ड खराब आहे.’ कार्ड चांगलं होतं. त्याची खोली तापत होती आणि प्रोसेसर साधा होता. तो गेल्यावर मुलगी म्हणाली, ‘आई, लोकांचे आकडे कशाला सांगायचे? आपणच मोजू की.’

फ्रेम म्हणजे संगणक एका सेकंदात पडद्यावर किती चित्रं काढतो तो आकडा. नुसती सरासरी चांगली असून भागत नाही. खेळताना मध्येच चित्र अडखळलं की सगळी मजा जाते. म्हणून सगळ्यात खाली कुठवर आकडा घसरतो, ते आम्ही आधी बघायचो. त्यासाठी प्रत्येक कार्ड एकाच वाटेवरून न्यावं लागतं. मुलीने एका खेळातली नदीकाठची वस्ती निवडली होती. वेशीपासून निघायचं, बाजार ओलांडायचा, लाकडी पुलावरून पलीकडे जायचं आणि पाणचक्कीपाशी थांबायचं. मिनिटभराची वाट. ती चालायची आणि एक छोटा प्रोग्रॅम मागे फ्रेम मोजून आलेख काढायचा.

माझी जागा तिच्या मागे, डावीकडे, प्लॅस्टिकच्या स्टुलावर. मिस्त्री लोक वापरतात ती तापमान मोजायची बंदूक माझ्या हातात, रोख कॅबिनेटच्या मागच्या जाळीवर. मी पडद्याकडे बघायचेच नाही. वाट किती झाली ते मला आवाजावरून कळायचं. बाजारात कोंबड्या ओरडायच्या आणि पूल आला की फळ्या वाजायच्या. फळ्या वाजल्या की मी तापमान वाचायचे आणि मोठ्याने म्हणायचे, ‘अडुसष्ट!’ आकडा आधी तोंडाने म्हणायचा आणि मग लिहायचा, ही माझी क्लासातली शिस्त. मनात धरलेला आकडा कागदापर्यंत जाता जाता बदलतो, असा माझा अनुभव आहे.

अशा रविवारच्या कितीतरी दुपारी गेल्या. टेबलाखाली तिच्या चपला, टेबलावर भडंगाची वाटी, आणि की-बोर्डवर कांदा सांडू नये म्हणून माझी कुरकुर. साताऱ्यापासून मिरजेपर्यंतची मुलं आमचा आकड्यांचा तक्ता बघून कार्ड घ्यायला लागली. तक्त्यात एक ओळ वाढली की ती म्हणायची, ‘चला, अजून एक गडी पूल ओलांडून गेला.’

मग तिला हैदराबादला नोकरी लागली, खेळ बनवणाऱ्या कंपनीत. खेळ बाजारात यायच्या आधी त्यातल्या चुका शोधायचं काम. मुलाखतीत तिने आमच्या बंद कॅबिनेटबद्दल सांगितलं, तेव्हा समोरचे लोक बराच वेळ तेच विचारत बसले होते म्हणे. मी तिच्या सामानाची यादी केली, कुकरच्या शिट्टीपासून चादरीपर्यंत. सगळं बॅगेत बसलं. बस सुटल्यावर आम्ही दोघं घरी आलो आणि मी पुढच्या रविवारसाठी आलेलं कार्ड कपाटातून काढून ठेवलं.

टेस्टिंग बंद करायचा प्रश्नच नव्हता. खुर्ची खाली केली, कारण मुलगी माझ्याहून उंच आहे. एका हातात बंदूक धरून माऊस चालवणं जमेना, म्हणून तापमानाचा छोटा डिस्प्ले आणून मॉनिटरच्या कडेला चिकटवला. वाट मी शिकून घेतली. आधी बाजारात भिंतीला अडकायचे, एकदा थेट नदीत गेले. पण जमलं. फक्त फळ्या वाजल्या की माझं तोंड आपोआप उघडायचं, आणि खोलीत सांगायला कोणी नाही हे लक्षात येऊन मिटायचं.

याच सुमाराला कुंडलचा एक शेतकरी आमच्याकडे खेपा घालत होता. यजमानांच्या भावकीतलाच, चाळिशीचा. ऊस आणि द्राक्षं आहेत, घरी दोन ट्रॅक्टर. आणि संध्याकाळी कॉम्प्युटरवर शेतीचा खेळ खेळतो, त्यातही ट्रॅक्टरच चालवतो. यजमानांना ह्याची फार गंमत वाटायची.

‘दिवसभर ट्रॅक्टर हाणतूस, आन् घरी जाऊन परत ट्रॅक्टरच? मग कामाला नगं का म्हणतूस रं?’

‘मेजर, त्या ट्रॅक्टरला डिझेल लागत न्हाई. आन् बांधावर उभं ऱ्हाऊन वडील वरडत न्हाईत.’ मग माझ्याकडे वळून, ‘वहिनी, सगळं झ्याक चालतंय, पर उसात शिरलं की चित्र अडाकतंय बघा. लय अडाकतंय. ह्या नव्या कार्डानं थांबंल का?’

त्याचं जुनं कार्ड आमच्याकडूनच गेलेलं. त्याची चाचणी मुलीने घेतली होती. म्हणजे त्या कार्डाचा खालचा आकडा आणि नव्या कार्डाचा खालचा आकडा शेजारी ठेवले की उत्तर मिळणार. मी त्याला रविवारनंतर यायला सांगितलं.

रविवारी नवं कार्ड चालवलं. सरासरी अपेक्षेएवढीच आली, पण खालचा आकडा फारच चांगला आला, संशय यावा इतका. काट्याखाली काही अडकलंय का ते वाणी बघतो, तसं मी बघितलं. आमच्याकडे मापाचं एक कार्ड आहे. साताऱ्यात असताना मुलीसाठी घेतलेलं, आता अगदीच जुनं. ते विकायचं नाही, मशीनवर शंका आली की तेच लावून बघायचं. मी ते लावलं. त्याचाही खालचा आकडा मुलीच्या वेळेपेक्षा बराच वर आला. जुनं कार्ड आपोआप सुधारत नसतं. म्हणजे मोजण्यातच काहीतरी बदललं होतं.

दोन्ही आलेख मी शेजारीशेजारी लावले. मुलीच्या आलेखात अर्ध्या वाटेवर एक खाच होती, रेघ एकदम खाली जाऊन परत वर येणारी. तिचे बाकीचे आलेख उघडले. प्रत्येक कार्डाला तिथेच खाच. माझ्या आलेखात नाही. जागा पुलाचीच होती, मधोमध.

यजमान म्हणाले, ‘मशीन जुनं झालंय. तसंबी बदलायचंच हाय. नवं लाव, नवी मोजणी चालू कर. जुनं सगळं रद्द.’

व्यवहाराने ते बरोबर होतं. दोन मोजण्या जुळत नसतील तर त्या एका तक्त्यात ठेवता येत नाहीत, हे मीच इतरांना शिकवत आले आहे. पण रद्द म्हणजे तिने चाललेल्या सगळ्या वाटा पुसायच्या. त्या तक्त्यात खालच्या माझ्या चार ओळी सोडल्या तर वरच्या सगळ्या तिच्या होत्या. ती हैदराबादला गेली हे मी मानलं होतं. तक्त्यातूनही ती जावी, हे मला नको होतं. ती खाच सापडली तर जुने आकडे राहणार होते, नाहीतर नाही. मी यजमानांना म्हटलं, ‘मला थोडे दिवस द्या.’

मी क्रमाने गेले. कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, जुना टाकून पाहिला. विंडोजचं अपडेट काढलं. धूळ साफ केली, मग वाटलं की धूळच कारण असेल, तर साफ करून चूक केली. पुलावर थांबून पाहिलं, पळत गेले, कठड्याला घासून गेले. खाच आली नाही. यजमान एकदा डोकावून म्हणाले, ‘पूल दुरुस्त केला असंल त्या गावानं. निवडणूक जवळ आली असंल.’ मी हसले नाही. नंतर हसले.

मग पुढच्या रविवारी, मी मापाचं कार्ड लावून पुलावर होते, फळ्या वाजत होत्या, तेवढ्यात अर्ध्या शटरखालून मोठ्याने हाक आली.

‘आवं वहिनी! हाय का कोण? लागला का न्हाई निकाल?’

मी दचकून मागे वळले. कुंडलचा शेतकरी शटरखालून वाकून आत येत होता, हातात द्राक्षांचा खोका. मी वैतागून परत पडद्याकडे वळले. म्हटलं, ही फेरी वाया गेली. पडद्यावर मी पुलावर उलट्या तोंडाने उभी होते. मी वळले तसा माऊसवरचा हातही वळला होता, आणि हातासोबत खेळातली नजर. सगळा बाजार, वेशीपर्यंतची वाट, नदी, धूर, झाडं, हे सगळं मशीनला एका झटक्यात काढावं लागलं होतं. आलेख उघडला. खाच. तिच्या खाचेवर बरोबर बसणारी.

‘माझं काय चुकलं का?’ तो खोका हातात धरूनच उभा होता.

‘काही नाही,’ मी म्हटलं, ‘बसा. तुमचं काम झालं.’

काम अजून पुरतं झालं नव्हतं. मुलगी प्रत्येक वेळी पुलावर मागे वळत होती, एवढं कळलं. का, ते मला तिलाच विचारायचं होतं. संध्याकाळी फोन लावला.

‘मी? पुलावर? नाही गं, मी सरळ जायचे.’

‘प्रत्येक कार्डाला वळली आहेस. सगळे आलेख माझ्यासमोर आहेत.’

मागे तिच्या खोलीतल्या मैत्रिणींचा गलका ऐकू येत होता. मग ती एकदम हसायला लागली. ‘आई! तू ओरडायचीस ना तिथे!’

‘मी कधी ओरडले?’

‘अडुसष्ट! असं. क्लासात मागच्या बाकाला सांगतात तसं. पहिल्यांदा मला वाटलं माझं काही चुकलं, म्हणून मी वळून बघितलं. मग सवयच लागली. तू आकडा म्हणायचीस, मी बघायचे. तापमान जास्त आलं की, आपलं बंद झाकण खरं ठरलं म्हणून, तुझा चेहरा इतका खूश असायचा ना, मला ते बघायलाच मजा यायची.’ आणि मग तिच्या कामाच्या आवाजात, ‘पण हे चूक आहे, आई. माणसाच्या हालचालीने आकडा बदलता कामा नये. मी तुला स्क्रिप्ट लिहून देते, म्हणजे वाट आपोआप चालेल. दर वेळी सारखी.’

‘दे,’ मी म्हटलं. ‘पण जुने आकडे आधी जुळवून घेऊ दे.’

त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी मी यजमानांना स्टुलावर बसवलं. हातात बंदूक दिली आणि समजावलं की फळ्या वाजल्या की आकडा मोठ्याने म्हणायचा.

‘किती मोठ्यानं?’

‘मी म्हणायचे तेवढ्या.’

‘मग शेजारचा मेडिकलवाला धावत येतोय बघ,’ ते म्हणाले.

वेस, बाजार, कोंबड्या. फळ्या वाजल्या. ‘सत्तर!’ परेडच्या मैदानावर शोभेल असा आवाज आला. मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. ते बंदूक छातीशी धरून ताठ बसले होते. मग मी पडद्याकडे पाहिलं आणि हात तसाच ठेवून थोडी थांबले. चाचणीच्या दृष्टीने ती फेरी बाद झाली, पण मला बघायचं होतं. वस्तीवर तिरपं ऊन होतं. मी आले ती वाट बाजारातून वर वेशीपर्यंत दिसत होती आणि एका घराच्या दारात कुणीतरी धान्य पाखडत होतं. हा देखावा तिच्या प्रत्येक फेरीत त्या पडद्यावर येऊन गेला होता. आम्ही दोघींनीही तो कधी पाहिला नव्हता. ती माझ्याकडे बघत असायची आणि मी जाळीकडे.

मग तीन फेऱ्या नीट घेतल्या. तिन्ही जुळल्या. जुने आकडे राहिले. माझ्या मागच्या चार ओळी मी काढल्या आणि ती कार्डं पुन्हा चालवून भरल्या, यजमानांना स्टुलावर बसवून. कुंडलच्या शेतकऱ्याला सांगितलं की नवं कार्ड घ्या, उसात अडकणार नाही. त्याने घेतलं. आठवड्याने फोन आला, ‘वहिनी, उसातनं असा निघतोय ट्रॅक्टर, खऱ्या रानात बी न्हाई निघत.’

गौरी-गणपतीला मुलगी आली. तिच्या येण्याच्या बेतानेच मी नव्या मशीनचे भाग मागवून ठेवले होते. जुना प्रोसेसर आता मधल्या दर्जाचा म्हणवत नव्हता, लोकांची घरची मशीनं पुढे गेली होती. नियम आपणच केला असला तरी पाळावा लागतो. दोघींनी मिळून जोडणी केली. ती खाली बसून वायरी बांधत होती, मी यादीवर खुणा करत होते. झाकण लावताना ती म्हणाली, ‘हे बंदच ठेवायचं ना?’ मी म्हटलं, ‘बंदच.’

नवं मशीन म्हणजे नवी मालिका. पहिली फेरी तिच्या हाताने व्हावी, एवढंच माझ्या मनात होतं. स्क्रिप्ट ती पेन ड्राइव्हवर घेऊनच आली होती, पण मी म्हटलं, ‘आधी एकदा हाताने घे.’ तिने खुर्ची वर केली. मी स्टुलावर बसले, डिस्प्लेकडे न बघता बंदूक हातात घेतली. मापाचं कार्ड लावलेलं होतं. वेस, बाजार. खोलीत पंख्याचा आणि कोंबड्यांचा आवाज. फळ्या वाजल्या.

‘चौसष्ट!’ मी म्हटलं.

‘ऐकलं,’ ती म्हणाली. पाठमोरीच. खांदासुद्धा हलला नाही.

चक्कीपाशी थांबून तिने आलेख उघडला. रेघ सरळ होती. ‘बघ! एकदम साफ,’ ती म्हणाली, आणि आता खुर्ची फिरवून माझ्याकडे वळली. चेहरा फुललेला. ‘तिकडे पहिल्या महिन्यात हेच शिकवतात. काहीही होवो, नजर पडद्यावरून हलवायची नाही.’

‘छान आलंय,’ मी म्हटलं. खरंच छान आलं होतं. मी तक्त्यात ‘नवं मशीन, नवी मालिका’ असं लिहिलं, चौसष्ट लिहिलं, आणि जुन्या तक्त्याच्या खाली एक रेघ ओढली. तो रद्द केला नाही. फक्त तिथे संपवला. जेवायला गौरीची पुरणपोळी होती. तिच्या सुट्टीचे उरलेले दिवस पाहुण्यांत गेले.

ती गेल्यानंतरच्या रविवारी एक नवं कार्ड चाचणीला होतं. शटर अर्धं खाली ओढलं, पंखा लावला, स्क्रिप्ट चालू केली. खुर्ची ती ठेवून गेली होती तेवढ्याच उंचीवर, रिकामी. वाट आपोआप चालायला लागली. मला खुर्चीत बसायची गरज नव्हती, आणि डिस्प्ले होता, त्यामुळे बंदुकीचीही नव्हती. तरी मी स्टुलावर बसले आणि बंदूक जाळीवर धरली. बाजारातल्या कोंबड्या ओरडून झाल्या. पुलाच्या फळ्या वाजल्या.

मी आकडा मोठ्याने म्हटला. पडद्यावरची नजर सरळ पुढे चक्कीकडे गेली.